पाखरीची भूल

"झालं. शेवटचा टाका. पंप बंद कर," हालगे सर म्हणाले.

मी बटण दाबलं आणि लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावरची, रक्तातल्या औषधाची पातळी दाखवणारी निळी रेघ खाली उतरायला लागली होती. तिच्याखाली अक्षरं उमटली होती, जाग येण्यास अकरा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

टेबलावर पाखरी आडवी पडली होती. करवानी जातीची कुत्री, वय अडीच वर्षं, वजन वीस किलो. लांबच लांब पाय, कंबर मुठीत मावेल अशी, आणि बरगड्या लांबूनही मोजता याव्यात. ज्याला या जातीची ओळख नाही त्याला वाटावं, हिला कुणी खायला घालत नाही. मात्र ससा दिसला की हीच कुत्री डोळ्यांना दिसेनाशी होते. ससा हेरून धावताना तिचा पुढचा पाय ढेकळांत अडकला होता आणि हाड मोडलं होतं. सरांनी दीड तास खपून त्या हाडावर स्क्रूंनी स्टीलची पट्टी बसवली होती.

मराठवाड्यातल्या एका पशुवैद्यक महाविद्यालयात मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होते. डॉक्टर वैजनाथ हालगे माझे मार्गदर्शक. माझ्या प्रबंधाचा विषय होता, संगणकाच्या साहाय्यानं कुत्र्यांना दिलेली भूल.

दुधासारखं पांढरं एक औषध शिरेतून सोडलं की जनावर झोपतं आणि सोडणं थांबवलं की जागं होतं. प्रश्न असतो किती सोडायचं याचा. या घडीला रक्तात किती औषध आहे हे टेबलाजवळ उभं राहून मोजायची सोय कुठेच नसते. म्हणून ते गणितानं काढायचं. माझ्या गणितात कुत्र्याच्या शरीराचे तीन हौद केले होते, रक्ताचा, मांसाचा आणि चरबीचा. तिन्ही एकमेकांना नळांनी जोडलेले, आणि एका नळानं औषध शरीराबाहेर जाणार. हौद केवढे आणि नळ किती जाड हे माहीत असलं की लॅपटॉप दर दहा सेकंदांनी हिशेब करतो आणि पंपाला सांगतो, आता जरा जास्त, आता जरा कमी. हे आकडे मी परदेशातल्या एका शोधनिबंधातून घेतले होते. ते ज्या कुत्र्यांवर मोजले होते ती सगळी बुटकी, गुबगुबीत, पिंजऱ्यात वाढलेली.

त्याआधी मी बारा कुत्र्यांना अशी भूल दिली होती. अल्सेशियन, लॅब्रेडॉर, रस्त्यावरची चार-पाच. प्रत्येकाचं रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं होतं आणि पडद्यावरचा आकडा दर वेळी खऱ्याच्या जवळपास निघाला होता. शंभरात दहा-पंधराचा फरक. बाराही कुत्री पडद्यानं सांगितलेल्या वेळेच्या आसपास उठली होती. मी खूश होते. खरं सांगायचं तर जरा चढलेच होते.

पाखरी तेरावी.

अकरा वाजून सोळा मिनिटं झाली. पाखरी हलली नाही.

"होतं एखादं मिनिट मागंपुढं," मी म्हणाले.

सर हातमोजे काढत होते. अकरा वीस झाले. मी तिच्या पायाच्या बोटांमधली कातडी चिमटीत धरून दाबली. हे केलं की अर्धवट शुद्धीतलं कुत्रंसुद्धा पाय ओढून घेतं. पाखरीनं घेतला नाही.

अकरा सत्तावीसला माझ्या लक्षात आलं की ती मिनिटाला चारच श्वास घेतेय. मी तिच्या घशातल्या नळीला जोडलेली प्राणवायूची पिशवी हातानं दाबायला लागले. छाती वर यायची, खाली जायची. पडद्यावरची निळी रेघ तळाला टेकली होती. पडद्याच्या मते पाखरी कधीच उठून उभी राहिली होती.

"पंप नक्की बंद आहे ना?" सरांनी विचारलं.

"बंद आहे, सर."

"सुई काढ. नळीत राहिलेलंसुद्धा जायला नको."

मी सुई काढली.

तेवढ्यात दार उघडलं आणि सगुणाबाई आत आली. पाखरीची मालकीण. साठीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. वहाणा तिनं दाराबाहेर काढल्या होत्या, तेवढीच काय ती आमच्या नियमांची बूज. शस्त्रक्रियेच्या खोलीत मालकांना येऊ देत नसत. सरांनी हात वर केला, पण तिच्याकडे पाहिलं आणि तो तसाच खाली घेतला.

"तुमचे अकरा मिनिटं झाले का न्हाई अजून?" तिनं मला विचारलं.

मी पिशवी दाबत राहिले.

सकाळी व्हरांड्यात मी संमतिपत्र पुढं केलं होतं तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता, किती वेळात उठंल? लॅपटॉप माझ्या हातातच होता. मी तो उघडून तिला दाखवला होता. ही रेघ बघा मावशी, इथं आली की जाग. पंप थांबवल्यावर अकरा मिनिटं. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली होती. मग, "इतकं नेमकं कळतंय व्हय?" असं म्हणून तिनं एकेक अक्षर जोडत सही केली होती.

आता ती टेबलापाशी आली. पाखरीच्या कानामागं हात घातला, मग पोटाखाली.

"अंग गार पडलंय हिचं," ती म्हणाली. "तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

सरांनी जाऊन गरम पाण्याच्या बाटल्या आणल्या. आम्ही त्या फडक्यांत गुंडाळून पाखरीच्या पाठीशी आणि पोटाशी लावल्या. सगुणाबाईनं कुणाला न विचारता कोपऱ्यातलं घोंगडं ओढून तिच्यावर टाकलं आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान चोळायला लागली.

"हिच्या भावाचं असंच झालतं," कान चोळता चोळता ती बोलायला लागली. "काटेरी तारंनं मांडी फाटली व्हती त्याची. तालुक्याच्या डॉक्टरनं सुई दिली, टाके घातले. म्हणला, घंट्याभरात उठंल. सांज झाली तरी उठंना. आन मग उठलाच न्हाई. त्याच्या आदी माझ्या सासूच्या वक्ताला एक कुत्री दीड दिस झोपली व्हती. आमच्या कुत्र्यांची नशा लवकर उतरत न्हाई. सगळ्या गावाला ठावं हाय."

सर थबकले. "बाई, हे सकाळी का नाही सांगितलं?"

"मला कुणी इचारलं?" ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली. "मी हिला इचारलं, किती वेळात उठंल. म्हणलं, बगू, हिला ठावं हाय का. तिनं मशीन दाखवलं. मला वाटलं, शिकलेली पोरगी हाय, मशीनीत समदं असंल."

मी पिशवी दाबत राहिले. एक, दोन, तीन, सोड. एक, दोन, तीन, सोड. बोटं आखडली तसे सरांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि काही वेळानं मी त्यांच्या हातातून. बाहेर एक गाय सारखी हंबरत होती.

बारा वाजायला दोन मिनिटं कमी असताना पाखरीनं स्वतःहून एक मोठा श्वास घेतला. मग दुसरा. बारा वाजून नऊ मिनिटांनी तिची जीभ हलली, घशातली नळी तिला खुपायला लागली. मी नळी काढली. तिनं डोळे किलकिले केले आणि सगुणाबाईच्या आवाजाच्या दिशेनं शेपटीचं टोक जरासं हललं.

पंप थांबवून एक तास चार मिनिटं झाली होती.

सगुणाबाई खाली फरशीवर बसली. पदरानं तोंड पुसलं. "उठली गं माझी माय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पाखरीला टेंपोत घालून नेलं. सरांनी बाराव्या दिवशी टाके काढायला यायला सांगितलं. तिनं मान डोलावली. माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. पडदा सांगत होता, पाखरीच्या रक्तात औषध साडेतीन आहे, म्हणजे दर मिलिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेनं मोजलं होतं सहाच्या वर. हवं त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. मी पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा तेच आलं.

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"अंगात चरबी नाही," ते म्हणाले. "तुझा तिसरा हौद हिच्यात जवळजवळ नाहीच. आणि मला वाटतं, यकृतही औषध सावकाश निपटत असणार. परदेशातल्या शिकारी कुत्र्यांबद्दल असं वाचलंय मी. पण आपल्या करवानीचं कुणी मोजलेलं नाही."

"मग आता काय करू, सर?"

"दोन वाटा आहेत. एक म्हणजे तेराव्या कुत्र्याला प्रबंधातून वगळायचं. वेगळ्या जातीचं, निकषात बसत नाही, असं लिहायचं. त्यात खोटं काही नाही आणि कुणी बोटही ठेवणार नाही. तुझे बाराचे आकडे सुरेख आहेत. चार महिन्यांत पदवी मिळेल."

"आणि दुसरी?"

"दुसरीला वर्ष-दीड वर्ष लागेल. करवानीचे हौद आपणच मोजायचे. त्यासाठी आठ-दहा करवानी कुत्री लागतील, ज्यांना कशासाठी तरी भूल द्यावीच लागणार आहे अशी. आणि ती आणणारे मालक लागतील." त्यांनी चष्मा काढला. "या प्रकारानंतर ते आपल्याकडे कशाला येतील? ठरव तू."

बारावा दिवस उलटला. तेरावा गेला. पाखरी काही आली नाही.

चौदाव्या दिवशी मी कात्री, चिमटा आणि औषधाची बाटली पिशवीत घातली आणि सगुणाबाईच्या गावाची, आंबेलवाडीची एसटी पकडली.

सगुणाबाईचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात चार-पाच करवानी कुत्री पांगली होती. मला पाहून ती सगळी उठली आणि काही न भुंकता लांबूनच निरखत उभी राहिली. पाखरी ओट्यावर होती. सगुणाबाई परातीत भाकरी कुस्करत होती.

"टाके काढायला आले, मावशी. तुम्ही आला नाहीत म्हणून."

"मी काढले असते घरीच," ती म्हणाली. पण परात बाजूला सारून तिनं पाखरीला मांडीवर घेतलं.

मी कात्री काढली, आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"आधी एक सांगायचंय. प्रयोगशाळेचा कागद आला. पाखरीच्या रक्तात औषध पावणेदोन पट झालं होतं. माझं यंत्र चुकलं. ते ज्या कुत्र्यांवरून बनवलं, ती वेगळी होती."

ती ऐकत होती. पाखरीच्या मानेवरचा तिचा हात थांबला होता.

"यंत्र चुकलं," ती म्हणाली. "आन तू?"

मी पिशवीतली कात्री पुन्हा चाचपली.

"तू तितंच व्हतीस ना? दीड घंटा तिच्या तोंडापाशी. तुला काईच दिसलं न्हाई?"

दिसलं होतं. चौदा दिवस मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा धड बोलले नव्हते. नीट भूल असली की कुत्र्याचा डोळा आत आणि खाली वळलेला असतो. भूल फार खोल गेली की तो पुन्हा मधोमध येतो आणि थिजल्यासारखा स्थिर होतो. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. शस्त्रक्रिया निम्म्यावर आली असताना सरांनी हाडावरची नजर न काढता विचारलं होतं, "डोळा कसा आहे?" मी वाकून पाहिलं होतं. डोळा मधोमध होता. पापणीला बोट लावलं, ती मिटली नाही. मग मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर साडेतीन होतं. मी म्हणाले होते, "साडेतीन आहे, सर." सरांनी विचारलं एक, मी सांगितलं दुसरंच. त्यांचे दोन्ही हात हाडात गुंतले होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर पंप आणखी पाऊण तास चालू होता.

हे सगळं मी सगुणाबाईला सांगितलं. सोपं करून सांगावं लागलं नाही. कुत्र्याचा डोळा तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

ती रागावेल, उठून आत जाईल, कदाचित कुत्री अंगावर सोडेल, असं काहीबाही माझ्या मनात येत होतं. ती पाखरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दिसलं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "मग का न्हाई केलंस कमी?"

"बारा वेळा यंत्र बरोबर निघालं होतं. तेराव्यांदा माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसला नाही."

"तुझ्या सायबाला सांगितलंस हे?"

"नाही."

"मग मला सांगून काय करूलालीस? त्यांला सांग आदी." तिनं पाखरीचा पाय माझ्यापुढं लांब केला. "काप ते टाके. बघ, निजल्यावानी बसलीय. हिला तुजा राग न्हाई."

मी एकेक टाका काढला. जखम छान भरली होती. पाखरी एकदाही कण्हली नाही. शेवटचा टाका निघाल्यावर तिनं माझं मनगट चाटलं, बहुधा औषधाच्या वासामुळं.

"भाकर खाऊन जा," सगुणाबाई उठत म्हणाली. "साडेतीनशिवाय गाडी न्हाई."

जेवताना मी तिला दुसऱ्या वाटेबद्दल सांगितलं. आठ-दहा कुत्री, वर्ष-दीड वर्ष. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ताटात आणखी अर्धी भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं बोलून टाकलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "मी डोळ्याचं विचारलं आणि तू आकडा सांगितलास. मला खटकलं होतं. पण आकडा चांगला होता, आणि मला स्क्रू बसवायचा होता." ते वळले. "हे प्रबंधात लिहिशील?"

"लिहीन, सर."

"माझंही लिही. विचारून उत्तर घेतलं नाही म्हणून." मग खुर्चीवर बसत म्हणाले, "म्हणजे तेरावं कुत्रं वगळायचं नाही, असं ठरलं."

सव्वा महिना काहीच घडलं नाही. मग एका सोमवारी सकाळी दवाखान्याचा फोन वाजला. पलीकडे सगुणाबाई होती.

"डॉक्टरीण हाय का? आंबेलवाडीहून बोलूलालेव. व्यंकट पांचाळाच्या कुत्र्याच्या पोटाला गाठ झालीय. मी त्याला म्हणलं, तितं घिऊन जा. मी बी येऊलालेव संगं."

ते कुत्रं म्हणजे सरदार. काळाभोर, टेबलावर न मावणारा. सगुणाबाई या वेळी बाहेर थांबलीच नाही. सरांनी तिला हिरवा झगा आणि टोपी दिली. कुंकवावर ती टोपी घालून ती सरदारच्या डोक्याशी उभी राहिली. मी पंप निम्म्यावर ठेवला होता. लॅपटॉप उघडा होता, पण मी तो बाजूच्या टेबलावर सरकवला होता, आणि दर पाच मिनिटांनी डोळा, पापणी, श्वास, हिरड्यांचा रंग कागदावर लिहीत होते. मध्येच सगुणाबाई म्हणाली, "आता जास्ती व्हतंय बग." मी पाहिलं. डोळा मध्याकडे सरकायला लागला होता. मी पंप आणखी कमी केला. प्रयोगशाळेचा कागद आल्यावर कळलं की त्या क्षणी औषध खरंच हवं त्याच्या वर गेलं होतं. मी त्या नोंदीपुढं कंसात तिचं नाव लिहिलं.

चौदा महिन्यांत नऊ कुत्री आली. इस्माईलभाईचा बादल, दात किडलेला. एका शिक्षिकेची चिंगी, डोळ्यात काटा गेलेली. रानडुकरानं फाडलेले, एकाच मालकाचे दोघं भाऊ. दर वेळी आधी सगुणाबाईचा फोन. प्रत्येक कुत्र्याचं आईबापासकट पुराण ती मला सांगायची आणि आता मी ते सगळं लिहून घ्यायची. कोण किती खातं, कुणाला आधी सुई दिलीय, किती वेळ झोपलं होतं. मालकांनी किती वेळात उठेल असं विचारलं की मी सांगायची, ठाऊक नाही, उठेपर्यंत मी त्याच्यापाशी बसून असेन. त्यावर एकानंही सही द्यायला नाही म्हटलं नाही.

नव्या मोजमापावरून आम्ही हौद आणि नळ पुन्हा बांधले. शेवटच्या तीन कुत्र्यांना नव्या गणितानं भूल दिली. फरक शंभरात सत्तरावरून बारा-पंधरावर आला. सर एरवी कधी हसत नसत. त्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमधून सगळ्या विभागाला भजी मागवली.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी एक प्रत घेऊन आंबेलवाडीला गेले. वाटलं होतं, सगुणाबाईला देऊन तासाभरात परत फिरावं. अंगणात पाहते तर सतरंजी अंथरलेली आणि आठही मालक हजर. तिनं निरोप धाडले होते. कुत्रीही आली होती. कुणी सावलीत पसरलेली, कुणी एकमेकांची हुंगाहुंगी करत असलेली. पाखरी चारही पायांवर सरळ उभी होती.

"वाच," सगुणाबाई म्हणाली. "आमच्या कुत्र्यांचं काय लिवलंस ते."

प्रबंध इंग्रजीत होता. मी तक्त्याचं पान उघडून मराठीत सांगायला लागले. कुणाच्या शरीरातून औषध किती वेगानं बाहेर गेलं, पंप थांबवल्यावर कोण किती मिनिटांनी उठलं.

"थांबा थांबा," व्यंकट पांचाळ म्हणाले. "म्हणजे समद्यात सावकाश कुणाचं उतरलं?"

"तुमच्या सरदारचं."

पांचाळांनी आजूबाजूला पाहिलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. "मी म्हणलं नव्हतं? अस्सल रक्त हाय ते."

"त्यात अस्सलचा काय संबंध?" इस्माईलभाई उसळले. "मॅडम, बादलचं किती ते सांगा. तो उठल्यावरही अर्धवटच जागा होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन मिनिटांचा फरक असंल फार तर."

"माझ्या चिंगीचं वजन कमी आहे, त्या मानानं बघा की," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांत अंगणात जुंपली. ज्या गोष्टीनं कुत्री मरत होती, तिच्यावरूनच आता कुणाचं कुत्रं जास्त जातिवंत याची पैज लागली होती. मी सांगत होते, अहो, यात कौतुकाचं काही नाही, यकृत सावकाश काम करतं एवढंच. माझं कुणी ऐकत नव्हतं. मला हसू आवरेना. दीड वर्षात इतकी मोकळी मी पहिल्यांदाच हसले असेन.

सगुणाबाईनं परातीवर उलथनं आपटलं. सगळे गप्प झाले.

"हे पुस्तक इंग्रजीत हाय," ती म्हणाली. "तालुक्याचा डॉक्टर ते वाचणार न्हाई. ही पोरगी उद्या पास व्हऊन कुठंबी जाईल. आपल्याला एक कागद पायजे. मराठीत. सुई द्यायच्या आदी त्याच्यापुढं धरायला."

कुणीतरी वहीचं पान आणलं. मी मांडीवर प्रबंध ठेवून त्यावर पान ठेवलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: करवानी कुत्र्याला शिरेतून भूल देताना चालू ठेवायचं औषध नेहमीच्या निम्म्यानं सुरू करावं. जाग यायला तास लागू शकतो. अंग गरम ठेवावं. डोळा आणि श्वास सतत बघत राहावं.

मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगुणाबाईनं कागद हातात घेतला आणि ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत तो पुरा वाचला.

"सगळं बरोबर हाय," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला. "पर डोळ्याचं शेवटी कशाला? ते पयलं लिही."

मी पान फाडलं आणि दुसरं घेतलं.